घराच्या आवारातून वाहिनी जाणार असेल तर

आपल्या प्लॉटमधून विजेची तार, मैल्याची वाहिनी किंवा शेजाऱ्याचा पाइप जाणार आहे असे कळले की घरमालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'हे अडवता येईल का?' हा. प्रश्न स्वाभाविक असला तरी सुरुवात त्याने करू नये. काही कामे अडवताच येत नाहीत, काही एका लेखी नकाराने थांबतात, आणि बऱ्याच कामांत अडवण्यापेक्षा मार्ग बदलून घेणे, खोली ठरवून घेणे आणि खोदलेली जागा पूर्ववत करून घेणे यातच मालकाचे हित असते. आपले प्रकरण यांपैकी कोणते, हे वाहिनी कोणाची आहे आणि ती कोणत्या हक्काने येत आहे यावर ठरते. म्हणून दारात आलेल्या माणसाला आधी हे विचारावे की काम कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली होत आहे आणि त्याचा आदेश कुठे आहे. पुढील माहिती महाराष्ट्रातील स्वतंत्र प्लॉट, बंगले आणि रो-हाउस यांच्या मालकांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

हक्काचा प्रकार ओळखणे

दुसऱ्याच्या जमिनीचा मर्यादित वापर करण्याच्या हक्काला कायद्यात सुविधाधिकार म्हणतात. व्यवहारात आपण त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतो. त्याचे नियम १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहेत. हा हक्क लेखी कराराने मिळतो, एकाच मिळकतीची वाटणी झाल्यावर दुसरा मार्गच उरला नसेल तर गरजेपोटी मिळतो, किंवा कलम १५ प्रमाणे सलग २० वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्क म्हणून केलेल्या वापराने मिळतो. जमीन सरकारी असेल तर हीच मुदत ३० वर्षांची आहे. अधूनमधून तोंडी तक्रार केल्याने ही २० वर्षे तुटत नाहीत. वापर प्रत्यक्ष बंद पडावा लागतो आणि तो अडथळा माहीत असूनही समोरच्याने वर्षभर सहन केलेला असावा लागतो, तेव्हाच वापर खंडित झाला असे कायदा मानतो.

परवानगी हा प्रकार याहून वेगळा आहे. आपण शेजाऱ्याला 'टाक तुझा पाइप आमच्या कुंपणाकडेने' असे म्हटले, तर त्याला जमिनीत कोणताही हक्क मिळत नाही आणि सामान्यतः ती परवानगी आपण मागे घेऊ शकतो. मात्र याच अधिनियमाच्या कलम ६० मधील अपवाद फार थोड्या लोकांना माहीत असतो: परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. भिडेखातर दिलेल्या तोंडी होकारातून निर्माण होणाऱ्या तंट्यांचे मूळ बहुधा इथेच असते. म्हणून परवानगी द्यायचीच असेल तर ती लेखी, मुदतीची आणि नूतनीकरणाची असावी. त्यात 'हा वापर मालकाच्या परवानगीने होत असून त्यातून कोणताही सुविधाधिकार निर्माण होणार नाही, आणि मालकाने साठ दिवसांची लेखी सूचना दिल्यास परवानगीधारक स्वखर्चाने पाइप काढून जागा पूर्ववत करून देईल' अशा अर्थाचे वाक्य असावे. परवानगीने केलेला वापर 'हक्क म्हणून' केलेला वापर ठरत नाही, त्यामुळे २० वर्षांचा दावाही अशा कागदापुढे टिकणे कठीण असते.

तिसरा प्रकार वैधानिक अधिकाराचा. वीज, पाणी, मलनिस्सारण आणि इंधनवाहिनी यांसाठी संबंधित कायदे त्या त्या यंत्रणेला खाजगी जमिनीत शिरण्याचे अधिकार देतात. हे अधिकार प्रबळ असतात, पण अमर्याद नसतात. जमिनीची मालकी आपल्याकडेच राहते, यंत्रणेला मिळतो तो केवळ वापरहक्क, आणि त्याबरोबर कमीत कमी नुकसान करण्याचे व झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याचे बंधनही येते.

कागद आणि जागा, दोन्ही पाहावेत

सातबारा उताऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना किंवा शहरी भागात मिळकत पत्रिका आधी पाहावी. इंधनवाहिनीचा वापरहक्क, मोठ्या वाहिनीची नोंद किंवा रस्त्याचा हक्क असेल तर तो बहुधा तिथे दिसतो. त्यानंतर मागील ३० वर्षांच्या सूची क्रमांक २ च्या (नोंदणी कार्यालयातील इंडेक्स २) नोंदींचा शोध, मंजूर लेआउट आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा पाहावा. जुन्या खरेदीखतातील चतुःसीमेचा परिच्छेद अनेक जण वाचतच नाहीत, पण 'पूर्वेस ड्रेनेजसाठी सोडलेली पट्टी' असा उल्लेख आढळतो तो तिथेच.

कागद कोरे असले म्हणजे जमीन मोकळी आहे असे मात्र समजू नये. वापराने मिळालेला हक्क कोणत्याही उताऱ्यावर येत नाही. त्यामुळे प्लॉटवर स्वतः फिरून चेंबरची झाकणे एका ओळीत आहेत का, ती ओळ सरळ वाढवली तर आपल्या घराखालून जाते का, कुंपणाजवळ केबलचे खूणदगड किंवा वाहिनीचे मार्गदर्शक फलक आहेत का, खांबाची ताणतार आपल्या हद्दीत रोवली आहे का, हे पाहावे. उन्हाळ्यातही एखादीच पट्टी हिरवी राहत असेल तर खाली गळकी वाहिनी असू शकते. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे हा खर्च टाळू नये, कारण खांब आपल्या हद्दीत आहे की रस्त्याच्या, या एका मुद्द्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. घर विकत घेताना हीच तपासणी व्यवहारापूर्वी करावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला सहज दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, परंतु व्यवहार झाल्यावर त्या कलमाचा आधार घेत भांडण्यापेक्षा आधी चार चेंबर उघडून पाहणे सोपे असते.

विजेची वाहिनी

इथे दोन परिस्थिती वेगळ्या कराव्या लागतात. वितरणाच्या साध्या कामांत, म्हणजे गल्लीतील खांब, लघुदाब तारा किंवा भूमिगत केबल यांसाठी, केंद्र सरकारच्या २००६ च्या परवानाधारकांच्या कामांविषयीच्या नियमांत मालकाची किंवा भोगवटादाराची पूर्वसंमती हे मूळ तत्त्व आहे. मालकाने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा सरकारने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि तो अधिकारी भरपाई किंवा वार्षिक भाडे ठरवू शकतो. म्हणून अशा कामाला हरकत असेल तर ती लेखी द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. खांब उभा राहिल्यानंतर दिलेल्या अर्जाला हे वजन राहत नाही.

दुसरी परिस्थिती मोठ्या पारेषण वाहिन्यांची. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १६४ खाली सरकारने कंपनीला आदेशाद्वारे १८८५ च्या तार अधिनियमातील (टेलिग्राफ ॲक्ट) अधिकार दिलेले असतील तर मालकाची पूर्वसंमती लागत नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तार अधिनियमाची जागा आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली असली तरी पारेषण वाहिन्यांपुरता जुन्या अधिनियमाचा तिसरा भाग लागू ठेवण्यात आला आहे. अशा वेळी कलम १६४ च्या आदेशाची प्रत मागावी. 'आम्हाला अधिकार आहे' हे तोंडी सांगणे पुरेसे मानू नये. आदेश असेल तर प्रतिकाराचा उपयोग होत नाही, कारण जिल्हादंडाधिकारी काम करू देण्याचा हुकूम काढू शकतात आणि नंतर भरपाई अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करणे हाच मार्ग उरतो.

भरपाईचा हिशेब करताना केवळ मनोऱ्याच्या चार पायांखालची जागा धरू नये. केरळ राज्य वीज मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमिनीचे ठिकाण, वाहिनी तिच्या कडेने जाते की मधून, आणि किती भागावरून जाते, हे घटक निर्णायक मानले आहेत. छोट्या निवासी प्लॉटच्या मधोमध गेलेली तार तो प्लॉट जवळजवळ निरुपयोगी करते, आणि हाच युक्तिवाद नकाशासह मांडावा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाच्या क्षेत्रासाठी जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या मार्गिकेसाठी ३० टक्के असे प्रमाण सुचवले आहे. त्या ६६ केव्ही (किलोव्होल्ट) आणि त्यावरील पारेषण वाहिन्यांपुरत्या आहेत आणि प्रत्यक्षात राज्याचे धोरण लागू होते, म्हणून आपल्या प्रकल्पाला कोणता शासन निर्णय लागू आहे हे लेखी विचारावे.

वाहिनी आधीपासूनच असेल तर बांधकामाच्या बाजूने अंतराचा प्रश्न येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ११ केव्हीपर्यंतच्या तारेपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि ११ ते ३३ केव्हीसाठी २ मीटर लागते. उभे अंतर लघुदाबासाठी २.५ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंतच्या उच्चदाबासाठी ३.७ मीटर आहे. ही अंतरे मोजताना तारेची झोळ आणि वाऱ्याने होणारा झोका धरावा लागतो. वरचा मजला चढवण्याचा किंवा गच्चीवर पत्रे टाकण्याचा विचार असेल तर आधी हे मोजावे, कारण नंतर तार हलवण्याचा खर्च सहसा मागणी करणाऱ्यावर येतो. झाडांच्या बाबतीत कायदा मालकाच्या बाजूने एक फरक करतो: तार येण्यापूर्वीपासून उभे असलेले झाड तोडावे लागले तर त्याची भरपाई मिळते, नंतर लावलेल्याची मिळत नाही. जुन्या झाडांची तारखेसह छायाचित्रे ठेवण्याचे कारण हेच.

इंधनवाहिनी

पेट्रोलियम आणि वायूच्या मोठ्या वाहिन्यांसाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे. राजपत्रातील पहिल्या अधिसूचनेपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. घरमालकांनी विशेषतः कलम ७ वाचावे. अधिसूचनेच्या लगेच आधी निवासी वापरात असलेली जमीन, कायम बांधकाम असलेली जमीन आणि राहत्या घराला लागून असलेली त्याच्या वापराची जमीन यांखालून ही वाहिनी टाकता येत नाही, आणि इतरत्रही ती पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर असू शकत नाही. त्यामुळे घरपट्टीच्या पावत्या, भोगवटा प्रमाणपत्र आणि वीजबिले हा अशा हरकतीचा कणा असतो. याउलट, बिगरशेती करून रिकामा ठेवलेला प्लॉट या संरक्षणात येईलच असे नाही. एकदा वापरहक्क गेला की त्या पट्टीवर इमारत, विहीर, तलाव किंवा झाड करता येत नाही आणि नुकसानीखेरीज मिळणारा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्केच असतो. म्हणजे पट्टी प्लॉटच्या कडेने नेण्यासाठी खटपट करणे हे मोबदला वाढवून मागण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

पाणी, मैला आणि दूरसंचार

महानगरपालिका कायद्यांत आयुक्तांना वाजवी लेखी नोटीस देऊन खाजगी जमिनीतून मलवाहिनी नेण्याचे अधिकार आहेत, आणि अनावश्यक नुकसान न करण्याचे व भरपाई देण्याचे बंधनही आहे. तसेच महापालिकेच्या मलवाहिनीवर परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. इथे पर्यायी मार्ग सुचवताना वाहिनीचा स्वभाव लक्षात घ्यावा. पाण्याची वाहिनी दाबाखाली असते, ती वळवता येते, चढवता येते, कोपऱ्यावरून फिरवता येते. मलवाहिनी उतारावर चालते. तीत गाळ साचू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो, प्रत्येक वळणावर चेंबर लागतो आणि मार्ग लांबला की खोली वाढते. त्यामुळे 'दुसरीकडून न्या' असा नुसता अर्ज अभियंता बाजूला ठेवतो, पण पातळ्या दाखवून 'याच उतारात, कुंपणापासून एक मीटरवरून नेता येईल' असा नकाशा दिला तर त्यावर विचार करावाच लागतो. एखाद्या परवानाधारक स्थापत्य अभियंत्याकडून पातळ्या घेण्याचा खर्च वकिलाच्या पहिल्या नोटिशीपेक्षा बहुधा अधिक कामी येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूरसंचार केबल किंवा मनोऱ्यासाठी २०२३ च्या कायद्यानेही खाजगी जागेत सुरुवात करारापासूनच ठेवली आहे. करार करावयाचा नसेल तर तसे लेखी कळवावे. करार केल्यास मुदत, भाडे आणि मुदतीअंती यंत्रसामग्री काढण्याची जबाबदारी त्यात असावी.

शेजाऱ्याचा जुना पाइप

खाजगी सुविधाधिकाराच्या बाबतीत १८८२ चा कायदा बराच तपशीलवार आहे आणि तो दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. शेजाऱ्याला आपल्या जमिनीतून पाइप नेण्याचा हक्क असेल तर दुरुस्तीसाठी आत येऊन खोदण्याचा हक्कही त्यातच येतो. मात्र कलम २४ प्रमाणे ते काम आपल्याला कमीत कमी त्रास होईल अशा वेळी आणि अशा रीतीने व्हावे लागते, आणि पृष्ठभाग पुन्हा होता तसा करून देणे त्याच्यावर असते. दुरुस्तीचा खर्च त्याचा, आणि दुरुस्तीअभावी पाइप फुटून आपले नुकसान झाले तर कलम २६ प्रमाणे भरपाईही त्याचीच. आपल्यावर त्याच्या पाइपाची देखभाल करण्याचे बंधन नाही, आणि त्याच्या हक्काला बाधा येणार नाही अशा कोणत्याही प्रकारे आपण ती जमीन वापरू शकतो.

सध्या सर्वाधिक वाद पुनर्विकासामुळे होतात. एका बंगल्याच्या सांडपाण्यासाठी मिळालेल्या वाहिनीत त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतील वीस सदनिकांचे पाणी सोडले जाते आणि आपले चेंबर भरून वाहू लागते. स्वतःच्या मिळकतीत बदल करून सुविधाधिकाराचा भार वाढवण्याची मुभा हक्कदाराला नाही, आणि अतिवापर झाल्यास जमिनीचा मालक, केवळ स्वतःच्या हद्दीत, तो अडवू शकतो. तरीही पाइप स्वतः बुजवण्याचा मोह टाळावा. मूळ वापर किती होता हे सिद्ध करण्याची वेळ येते, आणि मैला अडल्याने आरोग्याचा प्रश्न उभा राहिला तर सगळा रोष आपल्यावर येतो. शेजारच्या जागेवर बांधकाम परवानगीचा फलक लागताच पालिकेच्या नगररचना आणि मलनिस्सारण विभागांना जुन्या वाहिनीची क्षमता आणि आपली हरकत लेखी कळवणे हा याहून चांगला उपाय आहे. नव्या इमारतीला स्वतंत्र जोडणी घेण्याची अट परवानगीतच घालता येते.

खोदकामापूर्वी आणि खोदकाम चालू असताना

कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराचे नाव, कामाचा कालावधी आणि जबाबदार कनिष्ठ अभियंत्याची ओळख ही माहिती लेखी घ्यावी. त्यानंतर संयुक्त पाहणी करून छोटा पंचनामा करावा: कुंपण, फरशी, पायऱ्या, बोअरवेल, सेप्टिक टँक, झाडे आणि भिंतींतील जुन्या भेगा यांची नोंद व छायाचित्रे असावीत. भेगांवर तारीख घालून पेन्सिलीने टोके खुणावली तर पुढे कोणती भेग खोदकामाने वाढली हे सांगता येते. आपल्या स्वतःच्या भूमिगत वस्तू, म्हणजे टाकीकडे जाणारा पाइप किंवा बागेची केबल, चुन्याने आखून द्याव्यात. दूरसंचार केबल तोडल्या जाऊ नयेत म्हणून खोदणाऱ्याने 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी ॲपवर आगाऊ सूचना देणे अपेक्षित आहे, ती दिली का हेही विचारावे.

पायाजवळच्या चराकडे विशेष लक्ष द्यावे. पायाच्या तळापासून खाली ४५ अंशांत एक रेषा कल्पिली तर चराचा तळ तिच्या बाहेर राहावा, हा साधा आडाखा आहे. चर त्या रेषेच्या आत येत असेल तर बाजूंना आधार लावल्याशिवाय आणि छोट्या टप्प्यांत खोदून लगेच भरल्याशिवाय काम होऊ देऊ नये. भराव थरांत, प्रत्येक थर ठोकून घालायला हवा. सगळी माती एकदम लोटून वर फरशी बसवली की ती पहिल्याच पावसात खचते. वाहिनी झाकण्यापूर्वी टेप लावून तिची खोली आणि कुंपणापासूनचे अंतर दिसेल असे छायाचित्र घ्यावे, कारण नंतर ते कोणीही सांगू शकत नाही.

तक्रार आणि न्यायालय

वीज कंपनीच्या खोदकामाने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा वाद वीज अधिनियमाच्या कलम ६७ प्रमाणे राज्य विद्युत नियामक आयोगाकडे नेता येतो. पालिकेच्या कामातील आदेश, आराखडा आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागितल्यास ३० दिवसांत मिळायला हव्यात, आणि त्या हाती आल्याशिवाय वाद पुढे नेऊ नये. सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस सामान्यतः लागते. मनाई हुकमाची आशा बाळगणाऱ्यांनी २०१८ ची दुरुस्ती लक्षात घ्यावी: विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २० अ आणि ४१ (हअ) मुळे, वीज, पाणी, मलनिस्सारण आणि दळणवळण यांच्या पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असा मनाई हुकूम न्यायालयाला देता येत नाही. शेजाऱ्याच्या खाजगी पाइपाला हा अडसर लागू होत नाही, त्यामुळे तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग पूर्ण खुला आहे.

ठेकेदाराला काम पूर्ण झाल्याचे पत्र देताना 'पहिल्या पावसाळ्यानंतर फेरपाहणी करून खचलेला भाग दुरुस्त करण्याच्या अटीवर' असे लिहूनच सही करावी, आणि त्या पत्राची प्रत, वाहिनीचा प्रत्यक्ष मार्ग दाखवणारा नकाशा व छायाचित्रे खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवावीत.